स्टेंट उघडा आहे, तरी छाती का दुखते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ५८, चौदा महिन्यांपूर्वी हृदयविकाराचा झटका आला आणि दोन स्टेंट बसवले. पहिले तीन महिने चांगले गेले आणि मग छातीत पुन्हा दुखू लागले: कधी जिना चढताना, कधी नुसते बसलेले असताना, आणि काही वेळा तर पहाटे झोपमोड होऊन. तीनदा तातडीच्या विभागात जाऊन आलात, एकदा पुन्हा अँजिओग्राफीही झाली, त्यात दोन्ही स्टेंट उघडे दिसले आणि दर वेळी 'सगळे नॉर्मल आहे' असे ऐकून घरी परतलात. आता दुखले तरी घरच्यांना सांगायला संकोच वाटतो आणि भीतीमुळे बाहेर पडणे थांबवले आहे. हे दुखणे खरे आहे की मनाचे, आणि त्याच्यासह जगायचे कसे, असे तुम्ही विचारले आहे.

दुखणे खरे आहे, आणि तुम्ही एकटेही नाही. अँजिओप्लास्टी, म्हणजे अरुंद वाहिनी फुगवून स्टेंट बसवणे, तांत्रिकदृष्ट्या उत्तम होऊनही पहिल्या वर्षात पुन्हा छातीत दुखणाऱ्यांचे प्रमाण निरनिराळ्या पाहण्यांत २० ते ४० टक्के आढळते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ऑर्बिटा-२ या चाचणीत काही रुग्णांची खरी अँजिओप्लास्टी केली आणि काहींची केवळ केल्यासारखी दाखवली. खऱ्या अँजिओप्लास्टीचा फायदा त्यात स्पष्ट दिसला, तरीही ती झालेल्यांपैकी सुमारे ४० टक्केच पूर्णपणे वेदनामुक्त झाले. हे रुग्ण स्थिर अँजायनाचे, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून ठरावीक प्रकारे छाती दुखणारे होते, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा तुम्हाला लागू होत नाही. पण स्टेंटमुळे अरुंद नळी रुंद होते आणि वेदना मात्र नेहमीच त्या एका नळीपुरती नसते, एवढे त्यातून नक्की कळते. ही गोष्ट रुग्णाला अँजिओप्लास्टीच्या आधीच सांगायला हवी. मी स्वतः सुरुवातीची बरीच वर्षे ती पुरेशा स्पष्टपणे सांगत नसे, आणि त्याचा मनस्ताप रुग्णांनी सोसला, याची मला आजही खंत वाटते.

आता 'नॉर्मल' या शब्दाकडे वळू. अँजिओग्राफीत रंगद्रव्य सोडून हृदयाच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या पाहतात. त्या साधारण दोन ते पाच मिलिमीटर व्यासाच्या असतात. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक वाहिन्या त्या चित्रात वेगळ्या दिसत नाहीत, आणि हृदयाच्या स्नायूला किती रक्त मिळायचे हे प्रामुख्याने त्या बारीक वाहिन्याच ठरवतात. खोड आणि मोठ्या फांद्या पाहून झाड हिरवे आहे असे म्हणावे, आणि डहाळ्यांकडे कोणी पाहिलेलेच नसावे, तसे हे आहे. शिवाय ती तपासणी तुम्ही शांत पडून असताना, बहुधा वाहिन्या सैल करणारे औषध देऊन आणि वेदना नसताना केलेली असते. म्हणून त्या अहवालाचा नेमका अर्थ एवढाच होतो की, त्या दिवशी, त्या क्षणी, मोठ्या वाहिनीत रक्त अडवणारा अडथळा नव्हता. हे उत्तर मोलाचे आहे, कारण सर्वांत घातक शक्यता त्याने बरीच दूर सारली. पण ते एकाच प्रश्नाचे उत्तर आहे.

मोठ्या वाहिन्यांबाबतही दोन गोष्टी तुमच्या डॉक्टरांकडून पक्क्या करून घ्या. पहिली, स्टेंटखेरीज इतरत्र मध्यम स्वरूपाचे अडथळे होते का, आणि असल्यास त्यांच्या अलीकडचा व पलीकडचा रक्तदाब वाहिनीत घातलेल्या बारीक तारेने मोजला होता का. नुसत्या नजरेने ५० किंवा ६० टक्के म्हटलेला अडथळा कधी निरुपद्रवी असतो, तर कधी खरोखर रक्त अडवतो. पलीकडच्या दाबाला अलीकडच्या दाबाने भागून येणारे गुणोत्तर ०.८० किंवा त्याहून कमी आले तर तो अडथळा महत्त्वाचा धरतात. दुसरी, हृदयावरचा भार वाढवणारी किंवा रक्तातला प्राणवायू घटवणारी साधी कारणे तपासली आहेत का: रक्तक्षय, थायरॉइडचा विकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, महाधमनीची अरुंद झालेली झडप, अनियमित ठोके. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या पोटात कधी कधी नकळत थोडा थोडा रक्तस्राव होत राहतो आणि हिमोग्लोबिन उतरते. एवढ्यानेच जिन्यावर छाती भरून आलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

तुमच्या वर्णनात मला एकाहून अधिक प्रकारचे दुखणे मिसळलेले दिसते. असे असणे नेहमीचेच आहे, पण ते वेगळे केल्याशिवाय कोणालाच पुढे जाता येत नाही.

पहाटे जाग आणणारी कळ आधी घेतो, कारण तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायू असतो आणि तो अचानक आवळला तर अडथळा नसतानाही रक्त अडते. मायरन प्रिन्झमेटल यांनी १९५९ साली या प्रकाराचे जे वर्णन केले, त्यात नेमके हेच होते: श्रमाशी संबंध नसलेले, विश्रांतीत येणारे दुखणे. रात्री उशिरा ते पहाटे या वेळेत ते अधिक येते, काही मिनिटे राहते आणि जिभेखाली ठेवायच्या, वाहिन्या सैल करणाऱ्या नायट्रेटच्या गोळीने झपाट्याने शमते. स्टेंट बसवलेल्या वाहिनीतही स्टेंटच्या पलीकडचा भाग असा आवळू शकतो. तंबाखूचा धूर हे त्याचे मोठे कारण आहे, आणि कडाक्याची थंडी व तीव्र मानसिक ताण ही आणखी दोन. उपचाराच्या दृष्टीने हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण येथे वाहिन्या सैल करणारी कॅल्शियम रोधक गटातली औषधे आणि लांबवर टिकणारी नायट्रेट उपयोगी पडतात, तर झटक्यानंतर सर्रास दिली जाणारी, ठोके मंद करणारी बीटा रोधक औषधे काहींमध्ये हा त्रास वाढवू शकतात. यावरून तुमचे बीटा रोधक स्वतःहून बंद करू नका. ते एकाएकी थांबवणे धोक्याचे असते आणि झटक्यानंतर ते देण्यामागे वेगळे कारणही असते. पहाटेच्या कळेचा उल्लेख मात्र डॉक्टरांपाशी वेगळा आणि ठळकपणे करा.

जिन्यावरचे दुखणे बारीक वाहिन्यांकडे बोट दाखवू शकते. श्रम करताना या वाहिन्या रुंदावून रक्तप्रवाह कित्येक पटींनी वाढवतात. मधुमेह, दीर्घकाळचा रक्तदाब, धूम्रपान किंवा झटक्याने झालेली इजा यांमुळे त्या पुरेशा रुंदावत नाहीत. असे दुखणे श्रम थांबवल्यावरही बराच वेळ रेंगाळते, जिभेखालच्या गोळीने कधी कमी होते तर कधी नाही, आणि त्यात धाप व थकवा मिसळलेला असतो. स्त्रियांमध्ये हा प्रकार अधिक आढळतो आणि त्यांच्याच बाबतीत तो अधिक वेळा 'घाबरल्यामुळे होतेय' म्हणून झटकून टाकला जातो. त्यामुळे हे वाचणाऱ्या स्त्रियांनी हा मुद्दा डॉक्टरांकडे आग्रहाने मांडावा. या दोन्ही शक्यता तपासण्यासाठी अँजिओग्राफीच्या वेळीच करायच्या चाचण्या आज उपलब्ध आहेत. संवेदक असलेल्या तारेने बारीक वाहिन्यांची क्षमता व प्रतिरोध मोजतात आणि ॲसिटिलकोलीन हे द्रव्य देऊन वाहिनी आवळते का ते पाहतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कॉर्मिका या अभ्यासात १५१ रुग्णांपैकी ज्यांचे उपचार अशा मोजमापांवर आधारून ठरवले, त्यांचे दुखणे सहा महिन्यांनी इतरांपेक्षा अधिक कमी झालेले होते. ते अडथळा नसलेले रुग्ण होते, पण कारण शोधून औषध देणे हे अंदाजाने देण्यापेक्षा सरस, हे तत्त्व तुमच्या बाबतीतही लागू पडते. ही चाचणी प्रत्येक ठिकाणी होत नाही. ती शक्य नसेल तर लक्षणांवरून औषधांचा एकेक गट नेटाने वापरून पाहणे हाही रास्त मार्ग आहे. रॅनोलाझिन, निकोरँडिल, आयव्हाब्रॅडिन, ट्रायमेटाझिडिन अशी औषधे त्यासाठी आहेत आणि प्रत्येकाला काही आठवड्यांचा अवधी द्यावा लागतो. दर भेटीत एकदम तीन गोष्टी बदलल्या तर कशाने गुण आला हे कधीच कळत नाही.

हृदयाबाहेरच्या कारणांपैकी अन्ननलिकेकडे विशेष लक्ष द्या. हृदय आणि अन्ननलिका यांच्या वेदनेचे संदेश मज्जारज्जूच्या जवळजवळ त्याच भागांत पोचतात, त्यामुळे कळ नेमकी कुठून आली हे मेंदूला सांगता येत नाही. नायट्रेटने अन्ननलिकेचा स्नायूही सैल होतो, म्हणून 'गोळीने बरे वाटले, म्हणजे हृदयच' हा निष्कर्ष टिकत नाही. जेवल्यावर आडवे झाल्यास किंवा वाकल्यास वाढणारे, घशाशी आंबट येणारे दुखणे असेल तर आम्ल कमी करणाऱ्या औषधाचा काही आठवडे नीट प्रयोग करावा. येथे एक सावधगिरी बाळगावी: क्लोपिडोग्रेल ही रक्त गोठू न देणारी गोळी चालू असेल तर आम्ल कमी करणाऱ्या औषधांपैकी ओमेप्राझोल व इसोमेप्राझोल टाळतात, कारण त्यांच्यामुळे क्लोपिडोग्रेलचा परिणाम घटतो, आणि बहुधा पँटोप्राझोल निवडतात.

बोटाच्या टोकाने दाखवता येणारे, दाबल्यावर तसेच उमटणारे, हात फिरवल्यावर किंवा कुशीवर वळल्यावर चमकणारे दुखणे बहुधा बरगड्यांचे आणि स्नायूंचे असते. बायपास झालेल्यांत उरोस्थी, म्हणजे छातीचे मधले हाड, कापलेली असते आणि छातीच्या आतली धमनी जोडणीसाठी सोडवताना बाजूच्या नसांना इजा होते, त्यामुळे डावीकडे जळजळ, बधिरपणा किंवा विजेसारखी चमक महिनोन्महिने राहू शकते. अशा दुखण्यावर आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. हृदयरोग्यांत त्यांनी झटक्याचा व रक्तस्रावाचा धोका वाढतो आणि आयब्युप्रोफेन ॲस्पिरिनच्या कामात अडथळाही आणते.

आता तुमच्या प्रश्नातला सर्वांत अवघड शब्द, 'मनाचे'. एकदा झटका येऊन गेलेल्या माणसाच्या वेदनावाहक यंत्रणेचा उंबरठा खाली येऊ शकतो. पूर्वी जाणवलाही नसता असा हृदयाचा ठोका, ताण किंवा आवळणे आता वेदना म्हणून जाणवते. मज्जातंतूंमध्ये घडणारा हा बदल शरीरातलाच असतो. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रक्तवाहिन्या स्वच्छ असूनही छाती दुखणाऱ्या रुग्णांना इमिप्रामिन हे औषध अल्प मात्रेत दिल्यावर दुखण्याचे प्रसंग सुमारे निम्म्याने घटले. ते औषध नैराश्यासाठी ओळखले जात असले तरी येथे ते वेदनेचा उंबरठा वर नेण्यासाठी वापरले होते. झटका येऊन गेलेल्या व्यक्तीला या गटातली औषधे ईसीजी पाहून आणि हृदयरोगतज्ज्ञाच्या संमतीनेच द्यावी लागतात. भीतीचेही तसेच आहे. भीतीने ॲड्रेनलिन वाढते, नाडी आणि रक्तदाब चढतो, श्वास जलद होतो, आणि जलद श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटला की वाहिन्या आवळण्याकडे कल वाढतो. म्हणजे भीतीतून येणारे दुखणे हृदयातून येणारे दुखणे असू शकते. म्हणूनच समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवले तर 'यांना माझे दुखणे खोटे वाटते' असा अर्थ काढू नका. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या उपचारपद्धतीने अशा रुग्णांना फायदा झाल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

दुखले की काय करायचे, हे दुखत नसताना ठरवून ठेवा. त्या क्षणी विचार सुचत नाही. असेल तिथे थांबा आणि बसा. उभ्याने नायट्रेट घेतल्यास रक्तदाब उतरून चक्कर येते. जिभेखाली एक मात्रा घ्या आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांत दुखणे कमी व्हायला लागले नाही, किंवा वाढत गेले, तर रुग्णवाहिका बोलवा आणि स्वतः गाडी चालवून जाऊ नका. घाम फुटणे, धाप लागणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, जबड्यात किंवा दोन्ही हातांत कळ जाणे यांपैकी काही असेल तर पाच मिनिटेही थांबू नका. लैंगिक शक्तीसाठी सिल्डेनाफिल घेतले असल्यास २४ तास आणि टॅडालाफिल घेतले असल्यास ४८ तास नायट्रेट घेणे जिवावर बेतू शकते. हे सांगताना अनेकजण लाजतात, म्हणून मी ते न विचारता सांगतो. दुखणे नेहमीपेक्षा वेगळे वाटले, कमी श्रमात येऊ लागले, आठवड्याला दोनदाचे रोजचे झाले, तर मागचे सगळे अहवाल नॉर्मल असले तरी पुन्हा तपासणी हवी. तीन वेळा काही निघाले नाही म्हणून चौथ्या वेळी घरी बसलेला रुग्ण मला सर्वांत जास्त काळजीत टाकतो. तातडीच्या विभागात ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यास रक्तात वाढणारे प्रथिन, वाढलेले नाही असे कळले, तर ती खेप वाया गेली असे मानू नका आणि त्याबद्दल ओशाळूही नका. रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्यांपैकी कोणतीही, दंतवैद्याने सांगितले तरी, हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय थांबवू नका.

एक वही ठेवा. प्रत्येक प्रसंगाची वेळ, त्यावेळी काय करत होता, दुखणे पसरलेले होते की बोट ठेवण्याइतके, ते किती मिनिटे टिकले, कशाने थांबले, आणि आधीच्या तासाभरात जेवण, थंडी, वाद किंवा अपुरी झोप यांपैकी काही होते का, एवढेच लिहा. काही सेकंदांत येऊन जाणारी टोचणी किंवा दिवसभर एकसारखे राहणारे दुखणे सहसा अँजायनाचे नसते. दोन ते दहा मिनिटांचे, आवळल्यासारखे, दडपणासारखे दुखणे अधिक संशयास्पद असते. ही वही चार ते सहा आठवडे ठेवा आणि मग बंद करा. त्याहून अधिक काळ प्रत्येक कळ टिपत राहिल्यास लक्ष छातीवरच खिळून राहते, हा माझा अनुभव आहे.

बाहेर पडणे थांबवले आहे, हे तुमच्या पत्रातले वाक्य मला दुखण्याइतकेच गंभीर वाटले. हालचाल थांबली की स्नायू ढिले पडतात, थोड्याशा श्रमात नाडी चढते, आणि मग पूर्वीपेक्षा कमी श्रमात छाती दुखते. हृदयरोग पुनर्वसनाचा कार्यक्रम उपलब्ध असेल तर त्यात नाव घाला. तिथे ईसीजीवर लक्ष ठेवून चालवतात आणि किती श्रम सुरक्षित आहेत हे तुमच्याच शरीरावर दिसते. नसेल तर, स्ट्रेस टेस्ट (श्रम करत असतानाची हृदयाची तपासणी) पाहून डॉक्टरांनी संमती दिल्यावर, सपाट रस्त्यावर सोबत घेऊन सुरुवात करा. पहिली दहा मिनिटे अगदी संथ चाला, कारण पहिल्या श्रमात दुखून नंतर तोच श्रम सहज जमणे हे अँजायनाचे परिचित वैशिष्ट्य आहे. मग चालताना पूर्ण वाक्य बोलता येईल इतपतच वेग ठेवा. जेवणानंतर लगेच आणि कडाक्याच्या थंडीत चढ चढू नका. ठरावीक जिन्यावर हमखास दुखत असेल तर चढण्यापूर्वी पाच मिनिटे बसून नायट्रेटची मात्रा घेता येते, आणि तसे घेणे मान्य उपचारात बसते. डॉक्टरांना त्याबद्दल विचारा.

घरच्यांपासून दुखणे लपवू नका. जोडीदाराला वर सांगितलेली पाच मिनिटांची रीत कागदावर लिहून द्या आणि ठरवून टाका की, त्या चौकटीत बसणारे दुखणे तुम्ही फक्त कळवाल आणि चौकटीबाहेर गेले तर निर्णय जोडीदार घेईल. दर अर्ध्या तासाने 'दुखतेय का' असे विचारले जाणे आणि कोणीच न विचारणे, हे दोन्ही अशा घरांत मी पाहिले आहे. ठरलेली रीत असली की दोघांनाही रात्री झोप लागते.

पुढच्या भेटीला जाताना वही, चालू गोळ्यांची यादी आणि अँजिओग्राफीचा लेखी अहवालच नव्हे तर तिच्या चित्रीकरणाची सीडीही न्या. 'स्टेंट उघडे आहेत हे मला समजले. आता वाहिनी आवळते का, बारीक वाहिन्या नीट चालतात का आणि अन्ननलिका तपासायची का, हे पाहू या का?' असे याच शब्दांत विचारा. पहाटेच्या कळेपासून सुरुवात करा. तुमच्या वर्णनात उपचार लवकर बदलू शकेल अशी खूण मला तिथेच दिसते.